चालते, पुरते, आवडते : कारखानदारी पट्ट्यातील पानाचा इतिहास

पाहुणा जेवायला यायचा ठरला की मराठी घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : "तुम्हाला कांदा-लसूण चालतो ना?" 'आवडतो ना?' असे सहसा कोणी विचारीत नाही. 'चालणे' या क्रियापदात जात, संप्रदाय, व्रत, चातुर्मास, घरची शिस्त असे बरेच काही एकाच वेळी सामावलेले असते आणि त्याचे स्पष्टीकरण मागण्याची रीत नाही. पाहुणा 'चालत नाही' एवढेच म्हणतो आणि त्या दिवशी फोडणीत लसूण पडत नाही.

या क्रियापदाच्या शेजारी आणखी दोन क्रियापदे ठेवून पाहता येतील. 'पुरते का?' हा वाढणाऱ्याचा, शिधावाटप दुकानाचा आणि शासनाचा प्रश्न. 'आवडते का?' हा सर्वांत उशिरा विचारला जाणारा आणि पुष्कळदा विचारायचा राहूनच जाणारा प्रश्न. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखानदारी पट्ट्यातील खाण्याचा इतिहास या तीन क्रियापदांच्या आधाराने वाचता येतो, असे आम्हाला वाटते. स्वयंपाकातील प्रादेशिक भेदांचा आणि माणसामाणसांच्या आवडीचा मान राखावा, हे तत्त्व आज कोणीही अमान्य करणार नाही. परंतु मान राखणे म्हणजे नेमके काय करणे, ते कोणी करायचे आणि कोणाच्या कष्टांवर, हे प्रश्न त्या तत्त्वाने सुटत नाहीत. ते इतिहासात उतरूनच पाहावे लागतात.

१. चालते

या इतिहासाचा आरंभ पट्ट्याच्या बाहेर, मुंबईत होतो. पण त्यातील माणसे मात्र येथलीच आहेत. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत घरचे जेवण कचेऱ्यांत पोहोचवण्याचे काम संघटितपणे सुरू केले. पुढे ज्यांना साऱ्या जगाने 'डबेवाले' म्हणून ओळखले, ती माणसे मुख्यत्वे मावळ, खेड, आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतील. चाकण हे खेड तालुक्यातच येते. म्हणजे आज ज्या शिवारात मोटारींचे कारखाने उभे आहेत, त्या परिसरातील शेतकऱ्यांची मुले शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या घरची चव डोक्यावर वाहण्यासाठी मुंबईला गेली होती.

डब्याची गरज का पडली? भूक भागवण्यासाठी मुंबईत इतर सोयी होत्या. परंतु गुजराती, पारशी, सारस्वत, पाठारे प्रभू, देशस्थ अशा नाना घरांतून कचेरीत येणाऱ्या कारकुनाला बाहेरचे 'चालत' नव्हते. कोणी शिजवले आणि कशात शिजवले, याची खात्री फक्त घरच्या डब्यातच होती. डबा हे या अडचणीवरचे अत्यंत चतुर उत्तर होते. एकाच लाकडी चौकटीत शेजारी शेजारी बसून मासे, कारले आणि ढोकळी चर्चगेटपर्यंत येत, आणि कोणाचा कोणाला स्पर्श होत नसे. डब्यावरच्या खुणांत स्थानक असते, इमारत असते, मजला असतो. आत काय आहे हे मात्र लिहिलेले नसते. वाहणाऱ्याने ते विचारायचेही नसते. भेदाचा मान राखण्याची ही एक पद्धत झाली : प्रत्येकाला त्याचे त्याचे अन्न, आणि मध्ये घट्ट बसणारे झाकण.

गिरणगावातील खानावळी हे याच क्रियापदाचे दुसरे रूप. एका गाळ्यात दाटीवाटीने राहणाऱ्या, बायका-मुले गावी ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बाया बहुधा आपल्याच मुलखातील आणि पुष्कळदा आपल्याच जातीतील माणसांना जेवण देत. रत्नागिरीकराला भात आणि सार, सातारकराला भाकरी आणि कोरड्यास. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले, तेव्हा सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बाया प्रथमच सार्वजनिक नोंदीत आल्या. तोवर हजारो पुरुषांच्या प्रादेशिक चवीचे रक्षण करणाऱ्या या बायांची 'कामगार' म्हणून कोठेही गणना नव्हती. त्यांना स्वतःला काय आवडते, ही बाब तर इतिहासाच्या कक्षेतही आली नव्हती.

'चालते' या क्रियापदाची दुसरी, काळी बाजूही याच गिरण्यांत दिसते. विणकामाच्या खात्यात धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे तेथे अस्पृश्य मानलेल्या जातींतील कामगारांना प्रवेश नसे. ते खाते अधिक पगाराचे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला. म्हणजे एकाचे 'मला चालत नाही' हे दुसऱ्याच्या मजुरीवर घातलेले कुलूप होते. खाण्यातील भेदांविषयी आपण गहिवरून बोलू लागलो की हा धागा आठवणे आवश्यक आहे.

२. पुरते

आता पट्ट्याकडे येऊ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची पिंपरीत छावणी वसली. 'कॅम्प' हा शब्द तेव्हापासून तेथल्या बाजाराला चिकटला, तो कायमचाच. १९५४ मध्ये पिंपरीत 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स'ची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि येथल्या शेतांचे भूखंड झाले. आकुर्डीत बजाजच्या स्कूटरी तयार होऊ लागल्या. १९६६ मध्ये 'टेल्को' आली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. एक कामगारनगरी ओसरत असताना दुसरी कागदोपत्री नगर होत होती.

या नव्या नगरीत मुंबईसारखी डब्याची साखळी उभी राहिली नाही. कारखान्यात तीन पाळ्या. पहाटेची गाडी साडेपाचला नाक्यावर. घरच्या गरम जेवणाची वेळ कोणत्याच पाळीशी जुळणारी नव्हती. तिची जागा उपाहारगृहाने, सर्वांच्या तोंडी असलेल्या 'कँटीन'ने घेतली, आणि ती कायद्याने घेतली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४६ व्या कलमाने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह ठेवण्याची सक्ती करण्याचा अधिकार राज्य शासनांना दिला. २०२० च्या नव्या संहितेने ही मर्यादा शंभरावर आणली आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजले. जुना कायदा वाचण्यासारखा आहे. त्यात बांधकाम, भांडी, दर यांच्याबरोबरच व्यवस्थापन समितीची आणि तिच्यावरील कामगार प्रतिनिधींची तरतूद होती. आणि त्याखालच्या नियमांत पदार्थांचा दर्जा, प्रमाण व जेवणातील पदार्थांची आखणी यांविषयी या समितीचा सल्ला घ्यावा, असे सांगितले होते. आज भाजी कोणती, हा विषय कायद्याच्या भाषेत आला.

तथापि समितीला बहुमत कळते, जीभ कळत नाही. कोल्हापूरच्या माणसाला कांदा-लसूण मसाला हवा, नगर-सोलापूरकडच्याला काळा, मराठवाड्यातल्याला येसराची आमटी, खानदेशातल्याला कळण्याची भाकरी आणि पुणेकराला आमटीत गुळाचा खडा. या सर्वांतून समिती जे ठरवते, ते कोणालाच न खुपणारे आणि म्हणून कोणाचेच नसलेले जेवण असते : बटाट्याची भाजी, पिवळे वरण, पोळ्या, भात. भाकरी या यादीत फारशी नसते, त्याचे कारण तिरस्कार नव्हे. भाकरी एकेक करून थापावी लागते आणि तव्यावरून थेट पानात यावी लागते. हजार माणसांच्या पंगतीत ते गणित बसत नाही. चव अशी केवळ मतभेदाने मरत नाही, वेळापत्रकानेही मरते.

या कँटीनला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु डब्याने जे कधीच केले नाही ते येथे घडले. एकाच भांड्यातले अन्न, एकाच बाकावर, शेजाऱ्याची जात न विचारता खाल्ले गेले. धोट्याच्या धाग्यापासून या बाकापर्यंतचा प्रवास लहान नाही. आणि ज्यांच्यासाठी 'पुरते' हीच मोठी गोष्ट होती, तेही याच बाकावर होते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, नगर, सोलापूर या भागांतून जी माणसे पुण्याच्या बाजूला आली, त्यांनी दुष्काळी कामांवर सुकडी खाल्ली होती आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी गिळली होती. त्या ज्वारीविषयीची नापसंती अजूनही त्या पिढीच्या बोलण्यात येते. पोटापुरते मिळत असतानाही चवीची तक्रार उरतेच, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. आवड ही केवळ भरल्या पोटाची चैन असती, तर दुष्काळाच्या आठवणीत मिलोची चव राहिली नसती.

३. चवीपुरते

कँटीनमध्ये पुरुष जेवत होते, तेव्हा वसाहतींच्या दोन खोल्यांत नव्याने संसार मांडलेल्या स्त्रिया काय शिजवत होत्या? सासू गावी आणि शेजारीण परमुलखातली, अशी त्यांची स्थिती. येथे छापील पाकपुस्तकाकडे वळावे लागते.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चे. आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची, म्हणजे पिंपरी-चिंचवड नगरपालिकेच्याच वयाची. वाटी आणि चमचा या घरातल्याच मापांनी 'रुचिरा'ने स्वयंपाक सांगितला. आईच्या हाताचा अंदाज शेकडो मैल दूर राहिलेल्या मुलींना त्या मापांनी किती आधार दिला, हे पुस्तकाच्या निघत राहिलेल्या आवृत्त्यांवरून समजते.

मात्र पाकपुस्तक ही एक साहित्यकृती म्हणून वाचली तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे, पुस्तक जे माप देते ते कोणत्या तरी एका घरचे असते, आणि छापले गेल्यावर ते 'महाराष्ट्रीय' होते. आमटीतला गूळ एका शहराचा, काही घरांचा; पण पुस्तकातून तो नियम म्हणून बाहेर पडतो. खुद्द 'काळा मसाला' हा शब्द पाहा. पुण्यातल्या पुष्कळ घरांत दगडफूल, तीळ, खोबरे घातलेल्या गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात. नगर-सोलापूरकडे त्याच नावाचा मसाला झणझणीत असतो. 'कढी' म्हटले की आम्हाला ताक आठवते. कॅम्पातल्या सिंधी घरात कढी म्हणजे भाजलेल्या बेसनाची, चिंचेची, भाज्या घातलेली. शब्द एक, भांडी निराळी. शेजारणींमध्ये याविषयी जे वाद झाले असतील, ते चवीइतकेच भाषेचेही वाद होते.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. सर्व मापे नेमकी देणारे पाकपुस्तक मिठापाशी आले की हात राखून बोलते : 'चवीपुरते मीठ'. या एका शब्दात 'पुरणे' आणि 'चव' एकत्र आले आहेत. लेखिका येथे आपला अधिकार सोडते. पण तो ती कोणाला देते? शिजवणाऱ्या बाईला. जेवणाऱ्याच्या वतीने चवीचा अंदाज तिनेच करायचा, आणि तो चुकला तर बोलणीही तिनेच खायची. 'आज मीठ कमी आहे' या वाक्याचा कर्ता मराठी घरांत कोण असे, हे सांगायला नको.

आणि ज्यांच्या चुलीपर्यंत पुस्तक पोहोचलेच नव्हते, त्यांचे काय? शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. शीर्षकातला तो एक 'अ' बरेच बोलून जातो. शंभर-सव्वाशे वर्षांच्या छापील पाकपुस्तकांत ज्यांचे अन्न नव्हते, तेही मराठी अन्नच होते. प्रादेशिक भेद म्हणताना आपण जिल्ह्यांची नावे घेतो. एकाच गावातल्या दोन वस्त्यांमधला भेद नकाशावर येत नाही.

४. आवडते

१९९९ मध्ये चाकणला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवागनचा, आणि त्यांच्यामागोमाग इतर. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाभोवती नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे या वाड्या-गावांतून 'कॉट बेसिस'च्या खोल्या उभ्या राहिल्या. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथल्या मुलांबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथली मुले आली. त्यांतील पुष्कळ कंत्राटी. आज या कारखान्यात, सहा महिन्यांनी त्या. त्यांच्या जेवणाचे ठिकाण म्हणजे मेस : एखाद्या घराची पुढची खोली, चार बाकडी, महिन्याचे पैसे आगाऊ, खाडा धरायचा की नाही यावर कायमची घासाघीस.

मेस चालवणारी बाई स्वतःही बहुधा कोठून तरी आलेलीच असते. गिरणगावातल्या बाईप्रमाणे केवळ आपल्या मुलखाच्या माणसांना जेवू घालणे तिला परवडत नाही. तिच्यापुढे कँटीनचाच पेच आहे, पण समिती नाही. त्यातून तिने काढलेला मार्ग अशा अनेक मेसमध्ये दिसतो. आमटी बेताच्या तिखटाची. शेजारी ठेच्याची वाटी, लोणच्याची बरणी, चिरलेला कांदा, लिंबाची फोड, मिठाचे भांडे. ज्याला गोड लागते तो तसेच खातो. यवतमाळचा मुलगा ठेचा कालवतो. बिहारचा मुलगा कांदा आणि हिरवी मिरची चावत भात संपवतो. भातावरून कुरबूर असतेच. १९८७ मध्ये याच पट्ट्याला लागून असलेल्या वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी तांदूळ मावळच्या माणसाला त्याच्या चिकटपणासाठीच आवडतो. ज्याला लहानपणापासून मोकळ्या भाताची सवय आहे, त्याला तोच भात शिजवताना बिघडल्यासारखा वाटतो. दोघेही खरे बोलत असतात.

मेसवालीने शोधलेली ही युक्ती नवी नाही. मराठी पानाची रचनाच तिच्यामागे उभी आहे. पानात प्रथम मीठ वाढतात. मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे अशी डावी बाजू भरते. उजवीकडची भाजी आणि मधला भात हे यजमानाने ठरवलेले. त्यात किती आंबट, किती तिखट, किती खारट मिसळायचे हे मात्र जेवणारा डावीकडून ठरवतो. ज्या संस्कृतीने पंगतीत कोणी कोठे बसायचे याचे कठोर नियम केले, तिनेच प्रत्येक पानात हा एवढासा कोपरा मोकळा सोडला. आवडीला मराठी जेवणात जी जागा मिळाली, ती ही डावी बाजू. तेथे शिजवणाऱ्याचा अपमान होत नाही आणि खाणाऱ्यावर सक्तीही होत नाही.

अर्थात डाव्या बाजूला मर्यादा आहेत. ठेच्याने मसाल्याची उणीव भरत नाही आणि लोणच्याने भाकरीची. म्हणून मेसमध्ये अधूनमधून आणखी एक गोष्ट घडते. थंडीत जळगावकडची मुले वांगी आणून देतात आणि भरीत त्यांच्या पद्धतीने, मिरची ठेचून, कांद्याची पात घालून करायला सांगतात. कधी स्वतःच चुलीशी बसतात. त्या दिवशी सगळे भरीत खातात. दुसऱ्याची चव कळते ती अशा वेळी. डब्याच्या झाकणाखाली ती सुरक्षित होती, पण शेजाऱ्याला अज्ञात होती.

५. चालणार नाही

येथवरचा इतिहास एका सरळ रेषेत प्रगतीकडे गेला आहे, असा समज होऊ नये. या पट्ट्यात घर भाड्याने शोधणाऱ्याला जेवणाविषयीची अट ऐकावी लागणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. 'आमच्याकडे मांस-मच्छी चालणार नाही.' कधी ही अट आवडीच्या नावाने येते, कधी स्वच्छतेच्या, कधी वासाच्या. व्याकरणाच्या दृष्टीने बदल किरकोळ आहे : 'मला चालत नाही' याचे 'येथे चालणार नाही' झाले. संप्रदान गेले, अधिकरण आले. पण पहिल्या वाक्याची हद्द बोलणाऱ्याच्या पानाशी संपते. दुसऱ्याची हद्द शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत जाते. पहिल्याचा मान राखणे हे सभ्यतेचे काम आहे. दुसरे वाक्य धोट्याच्या धाग्याच्या कुळातले आहे.

यातून आम्हाला दोन कसोट्या हाती लागल्यासारख्या वाटतात. खाण्याच्या कोणत्याही भेदाविषयी बोलताना पहिला प्रश्न : या भेदाची हद्द कोणाच्या पानाशी थांबते? दुसरा प्रश्न : तो जपण्यासाठी पहाटे कोण उठते? गिरणगावातल्या खानावळवालीपासून चाकणच्या मेसवालीपर्यंत सर्वांच्या आवडी सांभाळणारे हात बायांचे आहेत. 'तुम्हाला काय चालते?' हे तिने प्रत्येक मेंबरला विचारलेले असते. 'तुम्हाला काय आवडते?' हे तिला विचारलेले आम्ही क्वचितच ऐकले आहे. प्रादेशिक वैविध्याचे गोडवे गाणाऱ्या लेखनात, प्रस्तुत लेखासह, हा प्रश्न शेवटी येतो, हेही त्याच इतिहासाचे लक्षण मानावे लागेल.

मान राखणे म्हणजे सर्वांची चव आधीच ओळखून तसे शिजवणे, असे आपण धरून चालतो. ते कोणालाच साधणारे नाही, आणि साधले तरी त्याचा भार एकाच व्यक्तीवर पडतो. त्यापेक्षा पानातली पहिली वाढणी ध्यानात ठेवावी. आमटीत मीठ जरासे कमी पडले तरी चालेल. पानात मात्र ते वाढलेले असावे, आणि शिजवणारीही त्याच पंगतीला बसलेली असावी.